खारे मास्तर

त्यांचं आडनाव म्हात्रे आहे हे मला कळायला चार महिने लागले. आणि माझ्या सासूबाईंना कळलं तेव्हा आमच्या घरात दोन दिवस अबोला होता.

लोणावळ्याच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले ते लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. शास्त्र शिकवणाऱ्या एका मास्तरांना मुलं 'खारे मास्तर, खारे मास्तर' म्हणायची. मी आपली समजले, खरे. आमच्या शाळेतल्या मुलांना काना कुठे द्यायचा आणि कुठे नाही हे सांगून माझा घसा बसायचा, तेव्हा खऱ्यांचे खारे केले असतील त्यात नवल काय? घरी येऊन सांगितलं की मागच्या आळीत खरे म्हणून मास्तर राहतात, एकटेच असतात, हातानं करून खातात. सासूबाई हरखल्या. त्यांच्या माहेरच्या नात्यात खरे होते. लगेच संकष्टीला मोदकांचं आमंत्रण गेलं आणि स्वयंपाकघरात यांच्या पानाशेजारी मास्तरांचं पान मांडलं गेलं.

मास्तर आले. शिडशिडीत अंग, उन्हानं काळवंडलेली मान, पोटरीपर्यंत चढलेलं धोतर. मुकाट्यानं पानावर बसले. चित्राहुती घातल्या नाहीत, थेट भाताला हात घातला. सासूबाईंचे डोळे बारीक झाले.

"तुमचे कुठले हो खरे?" त्यांनी विचारलं.

"खरे नाय आजी, खारे," मास्तर घास गिळून म्हणाले. "खारातला म्हणून पोरं खारे म्हणतात. आडनाव म्हात्रे. आमी आगरी, पेनच्या खाडीवरचे."

सासूबाई पानावरून उठवणाऱ्यांतल्या नव्हत्या, हे मी सांगितलंच पाहिजे. त्यांनी वर आणखी एक मोदक वाढला. मग दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि पुढे मास्तर जेवायला आले की त्यांचं पान पडवीत मांडलं जाऊ लागलं. पहिल्यांदा पडवीत पाट दिसला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर म्हणाले, "हितं वारा बरा लागतो," आणि बसले. त्या विषयावर त्यांनी आयुष्यात काढलेलं हे एकच वाक्य.

खार म्हणजे काय हे मला त्यांनीच समजावलं. खाडीच्या कडेला मातीचा बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, आतली जमीन तीन-चार पावसाळे गोड्या पाण्यानं धुवायची, मग त्यात भात पिकतं. बांध आहे तोवर शेत, बांध फुटला की समुद्र. बांध फुटला असं ते म्हणत नसत. "खांड गेली," म्हणत. त्यांच्या गावची खांड अशीच एका भरतीला गेली होती. दोनशे माणसांचं पोट भरणारी जमीन तीन तासांत खारट झाली. बायकोही त्याच सालात तापानं गेली. मास्तर शिकलेले, म्हणून नोकरी धरून वर लोणावळ्याला आले, आणि धाकटा भाऊ काशिनाथ गावात राहिला.

हे सगळं ते वर्गात फळ्यावर ढगाचं चित्र काढतात तितक्याच शांतपणे सांगायचे. पण त्यांच्या अंगणात गेलं की माणूस शांत नाही हे कळायचं.

अंगण कसलं, घरामागची चिंचोळी जागा. तिथे पत्र्याचे वीसेक डबे ओळीनं मांडलेले. खाऱ्या पाण्यानं पत्रा खाऊ नये म्हणून आतून डांबर फासलेलं. डब्यांत खाडीचा काळा चिखल, आणि चिखलात काय? तर मोरस. खाडीकाठी आपोआप उगवणारं झुडूप ते. पानं बारीक, जाड, रसानं भरलेली, थंडीत लालसर होणारी. चार डब्यांत खाऱ्या पाण्यात तगणारं तांबडं भात, त्याला ते रत्ता म्हणायचे. आता तुम्ही सांगा, लोणावळ्याइतकं गोडं पाणी आभाळातून दुसरीकडे कुठे पडतं? आणि हा गृहस्थ तिथे समुद्रातली झाडं लावून बसला होता. पावसाळ्यात डब्यांतलं मीठ धुऊन जाऊ नये म्हणून प्रत्येक डब्यावर एकेक इरलं घातलेलं असे. पाऊस कोसळत असताना मागच्या खिडकीतून बघितलं, की मास्तरांच्या अंगणात वीस बायका लावणीला वाकल्यात असं वाटायचं.

कुसगावची हौसामावशी आमच्याकडे दूध घालायची. इरली तिनंच आणून दिली होती. एकदा ती कमरेवर हात ठेवून त्यांच्या कुडाशी उभी राहिली.

"मास्तर, हितं पावसानं आमच्या शेतात माती ऱ्हाईना झालीया, आन् तुमी डब्यात मीठ राखताय व्हय?"

"व्हय मावशी."

"आन् ह्ये करायचं कुटं?"

"जिथं दुसरं काय येत नाय तिथं."

"मंग हितं कशापायी?"

"तिथं लावलं तर लोक उपटतात," मास्तर म्हणाले. मावशीला वाटलं थट्टा आहे. ती हसत हसत निघून गेली. थट्टा नव्हती ती. त्यांच्या गावात मोरस म्हणजे खांड गेल्यावर खायची भाजी, दळिद्राची भाजी. ती कुणी मुद्दाम शेतात लावतो म्हणजे दर्यापुढे हात टेकले, असंच लोकांना वाटायचं. मास्तरांनी पहिल्या वर्षी लावलेली झाडं सख्ख्या भावानं उपटून खाडीत टाकली होती.

दर पंधरा दिवसांनी रविवारी ते खाली जायचे. लोणावळा ते खोपोली एसटी, खोपोली ते पेण दुसरी, पुढे चालत. येताना दोन डबे खाडीचं पाणी घेऊन यायचे. घाटाच्या वळणांवर ते पाणी हिंदकळायचं आणि लोकांची धोतरं भिजायची. एकदा मीही त्याच गाडीत होते. कंडक्टर खवळला.

"हे काय आहे काय डब्यात? रॉकेल असेल तर उतरा खाली."

"दर्या हाय," मास्तर म्हणाले.

"काय?"

"दर्या. बोट घालून बघा."

कंडक्टरनं खरंच बोट घालून चाटलं, तोंड वाकडं केलं आणि सगळी गाडी हसली. मास्तर हसले नाहीत. डब्याच्या तोंडाशी फडकं घट्ट करत बसले. मला वाटतं, त्या दिवसापासून मी त्यांना हसायचं सोडलं.

मोरसची भाजी आमच्या घरात आली ती माझ्यामुळे. मास्तर म्हणाले, "बाई, शिकल्यासवरल्या माणसानं खाल्ली तर तिचं नाव होईल." पानं दोनदा उकळायची, दोन्ही पाणी फेकून द्यायची, पिळून घ्यायची, मग कांदा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, वर ओलं खोबरं. आणि मीठ नाही. दोनदा उकळूनसुद्धा अंगचा खारटपणा जेवढा लागतो तेवढा उरतोच. मीठ घालायचं नाही हे सांगताना ते बोट वर करायचे. "चिमूट पन नाय, बाई. दर्यानं घातलंय." सासूबाईंनी पहिल्यांदा नाक मुरडलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "मेथीपेक्षा बरी." वाळकी झुडपं जाळून मास्तरांनी राख आणून दिली, पापडखार म्हणून तिच्या पाण्यात सासूबाईंनी उडदाचे पापड लाटले, तेव्हा तर शेजारणींना बोलावून तळून दाखवले. पान मात्र पडवीतच राहिलं.

एका रविवारी काशिनाथ आला. मास्तरांहून धिप्पाड, आवाजही मोठा. तो कुडाच्या आत आला नाही, रस्त्यातच उभा राहून बोलला.

"दादूस, आमाना बांध पायजे. तू भाजी काय दावतंस?"

"बांध पायजेच रे," मास्तर म्हणाले. "पन बांध येईल तवर जमीन आपली राहायला नको? दर्याला चालतं ते लावू तवर."

मला तेव्हा सगळं कळलं. खांड जाऊन बरीच वर्षं झाली, बांध काही होत नव्हता. जमिनीत पीक नाही, म्हणून ती सरकारी कागदात नापीक लागायची वेळ आली होती. एकदा नापीक लागली की मिठागरासाठी दुसऱ्याला दिली जाणार, आणि ज्यांची शेतं त्यांनी तिथेच मीठ ओढायला मजुरीवर जायचं. कुणा जाणत्या अधिकाऱ्यानं 'इथे पीक निघू शकतं, मुदत द्यावी' एवढं लिहून दिलं तर जमीन वाचणार होती. मास्तरांचे डबे त्यासाठी होते. दोन वर्षं ते पत्रं पाठवत होते. पत्र लिहिलं की आधी मला दाखवायचे. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला. म्हणायचे, "काना चुकला म्हणून गाव जायला नको."

काशिनाथ शेवटी म्हणाला, "ठीक हाय. तुझ्या भाजीवर सोडलं आमी. बघू." आणि पाणीसुद्धा न पिता गेला.

शेवटी शेतीखात्यातल्या एका साहेबांचं उत्तर आलं. पुण्याहून मुंबईला जाताना लोणावळ्याला तासभर थांबतो, झाडं बघतो, आणि लिहिलंत तशी भाजी करता येत असेल तर चाखतोही. मास्तर पत्र घेऊन आमच्याकडे पळत आले. पळत! चाळिशी उलटलेला माणूस. "बाई, जेवण तुमच्याकडं. माझ्या घरात साहेबाला बसायला खुर्ची नाय." सासूबाईंनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "पडवी सारवून घेते."

आता माझं सांगायला हवं. मला टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

आमच्या घरात नैवेद्य दाखवल्याशिवाय कशाचीही चव बघायची नाही. मीठ, तिखट, गूळ, सगळं अंदाजानं. सासूबाईंचा अंदाज कधी चुकला नाही. माझा चुकायचा. त्या आठवड्यात आमटी दोनदा आळणी झाली होती. दुसऱ्यांदा यांनी काही न बोलता मीठ मागून घेतलं आणि सासूबाई म्हणाल्या, "लक्ष शाळेत, हात चुलीत. आता आणखी एकदा पानात आळणी आलं तर शाळा बंद." त्या बोलायच्या तसं करायच्या. हे आईच्या शब्दाबाहेर नव्हते. मी हे रडत रडत मधल्या सुट्टीत मास्तरांना सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला सांगणार?

त्या सकाळी मास्तरांनी मोरस सुपात घालून आणली. तीनदा बजावलं, मीठ नाही. मी हसून म्हटलं, "अहो, पाठ झालंय मला आता." आमटी, भाजी, कोशिंबीर माझ्याकडे, बाकीचं सासूबाईंकडे. एका डब्यातल्या रत्त्याच्या मूठभर तांदळाचा वेगळा भात. साहेबांची जीप यायच्या आधी नैवेद्य व्हायला हवा म्हणून धावपळ चाललेली. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. आतून सासूबाई ओरडल्या, "मीठ घातलंस ना गं सगळ्यात?" "हो, हो," म्हणत मी मिठाच्या सटात हात घातला. आमटीत टाकलं, कोशिंबिरीत टाकलं. आणि भाजीत टाकलं. भाजीत टाकलं हे मला कळलंसुद्धा नाही. आळणी होऊ नये एवढंच डोक्यात होतं.

साहेब भले होते. अंगणातला एकेक डबा वाकून बघितला, पान चुरगळून वास घेतला, वहीत टिपून घेतलं. मास्तर त्यांच्या मागे मागे, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे. मग पडवीत दोघांची पानं. साहेबांनी आधी भाजीच घेतली. घास तोंडात गेला आणि त्यांचा चेहरा पालटला. ते पाणी प्यायले. भल्या माणसानं दुसराही घास घेतला, मग भाजी बोटानं ताटाच्या कडेला सारली.

"हे... तुम्ही लोक रोज खाता?"

मास्तरांनी घास घेतला. त्यांची जबड्याची हालचाल क्षणभर थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हातात पातेलं घेऊन उभी, माझ्यामागे दारात सासूबाई. मग मास्तरांनी घास चावला, गिळला.

"हो साहेब," ते म्हणाले. "बाई, वाढा थोडी."

मी वाढली. तीही त्यांनी संपवली. मला वाटलं, साहेब शहरातले, त्यांना काय रुचतंय! आत जाऊन पातेल्याच्या कडेचं बोटानं जिभेवर ठेवलं तेव्हा तोंडचं पाणी पळालं. कडू लागावं इतकी खारट. सासूबाईंनी विचारलं, "काय गं, आवडली का साहेबांना?" मी म्हटलं, "हो, आवडली." आणि त्या देवघराकडे वळल्या तशी उरलेली भाजी मागच्या दारी नेऊन मातीत पुरली.

बाहेर मास्तर साहेबांना जीपपर्यंत पोचवायला गेले होते. दोघं काहीतरी बोलत होते. साहेब हसले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जीप गेली. मास्तर परत आले आणि पायरीवरूनच म्हणाले, "आजी, जेवण झ्याक झालं." मला बोलायचं होतं. सासूबाई समोर होत्या. नंतर बोलेन म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत बोलेन म्हटलं. असं म्हणत म्हणत तीन आठवडे गेले आणि पत्र आलं.

ते पत्र घेऊन ते माझ्या वर्गाच्या दाराशी आले. मुलांना शुद्धलेखन घालून मी बाहेर गेले. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, मराठी तुमचं. याचा अर्थ सांगा. 'सदर वनस्पती मानवी आहारास योग्य असल्याचे दिसून येत नाही.' म्हणजे अयोग्य हाय असं नाय ना म्हटलं? दिसून येत नाय, एवढंच ना? पुन्हा दाखवली तर दिसून येईल, असा निघतो का अर्थ?"

मी मराठीची शिक्षिका. मुलांना वाक्याचा अर्थ विचारून छड्या मारणारी. मला म्हणता आलं असतं, मास्तर, अर्थ असा आहे की मी मीठ घातलं. मी म्हटलं, "नाही निघत, मास्तर. कार्यालयात असंच लिहितात. नाही म्हणजे नाही."

"बरं," ते म्हणाले, पत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि सातवीच्या वर्गावर गेले.

जमीन नापीक लागली. काशिनाथ एकदा येऊन गेला, तेव्हा मी शाळेत होते. हौसामावशीनं सांगितलं, "भाऊ आलाता त्येंचा. लय बोलला. मला तर भ्याच वाटलं. मास्तर निस्तं खाली बघत हुतं." त्या पावसाळ्यात मास्तरांनी डब्यांवर इरली घातली नाहीत. आठ दिवसांत मोरस काळी पडून कुजली. मी कुडापाशी जाऊन उभी राहिले तर म्हणाले, "मावशीची इरली परत द्यायची हायत, आठवण करा." पुढच्या वर्षी नोकरी सोडून ते खाली गावी गेले. शाळेनं नारळ दिला, हार घातला. मी भाषण केलं. छान केलं, लोक म्हणाले.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, चमचाभर मीठ. मीही स्वतःला पुष्कळ वर्षं तेच सांगत होते. साहेबांनी तसंही लिहिलं नसतं, सरकारला तशीही जमीन द्यायचीच होती, वगैरे. असेल. पण आमटीत मीठ घालताना हात थांबायचा तो थांबायचाच.

सासूबाई गेल्या त्या साली, मोठा दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हा, मी एकटी एसटीनं खाली गेले. पेणच्या पुढे विचारत विचारत चालत गेले. गाव आलं आणि गावापुढे सगळं मिठागर. चौकोनी वाफे, त्यांत आभाळ, कडेला मिठाचे ढीग. बायका डोक्यावर पाट्या घेऊन ओळीनं चालल्या होत्या. मास्तर बाहेरच्या बांधावर भेटले. बांध आणि खाडी यांच्यामध्ये हातभर रुंदीची जी पट्टी कुणाच्याच कागदात नव्हती, तिच्यात त्यांनी मोरस लावली होती. केस पांढरे, पाय मिठानं चिरलेले. मला बघून म्हणाले, "बाई! अहो, सांगायचं तरी, स्टँडवर आलो असतो."

मी बसले नाही, पाणी मागितलं नाही. उभ्याउभ्या सांगून टाकलं.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "घास तोंडात गेला तवाच कळलं."

मला राग आला. खरंच सांगते, दहा वर्षांची शरम एका क्षणात राग होऊन वर आली. "मग बोलला का नाहीत? तिथल्या तिथे बोलायचं होतं! ही बाई वेंधळी आहे, हिनं मीठ घातलंय, दुसरी भाजी करून आणते, असं म्हणायचं होतं!"

"आजी दारात उभ्या होत्या. तुमची शाळा सुटली असती."

"जळो माझी शाळा! तुमचं गाव गेलं, मास्तर!"

ते म्हणाले, "जीपपाशी बोललो मी. साहेब, भाजीत मीठ पडलंय, माझ्याच हातानं पडलं. आणखी एक बार खाऊन बघा म्हटलं. साहेब हसले. म्हणाले, मास्तर, तुम्हीच लावणारे, तुम्हीच सांगणारे, आणि तुमच्याच हातून मीठ पडतं, तर घरोघरच्या बायकांच्या हातून काय होईल?" त्यांनी मोरसचा एक शेंडा खुडला आणि नुसताच हातात धरला. "चुकीचं नाय बोलले ते."

तेवढ्यात काशिनाथ बांधावरून आला. हातात फडक्यात बांधलेलं ताट. ते त्यानं मास्तरांपासून दोन हातांवर ठेवलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि एक शब्द न बोलता पलीकडे जाऊन बसला.

"रोज आणतो," मास्तर हळू म्हणाले. "बोलत नाय. गावाला मी सांगितलं ना, मीठ माझ्या हातून पडलं म्हणून. तवापासून."

मी वळलेच. "मी सांगते त्यांना. आत्ता सांगते."

"नको बाई." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्याला रागवायला कोनतरी पायजे. सरकारवर रागावून काय करील, दर्यावर रागावून काय करील? माझ्यावर राग हाय म्हणून रोज इथवर येतो तरी. तुमी सांगाल आणि लोणावळ्याला जाल. मग तो कुठं जाईल?"

मी काशिनाथकडे गेले नाही. दुपार कलली तशी ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. काशिनाथही आला, पण लांबून. एसटीची वाट बघत आम्ही उभे होतो. मास्तर झाडाखाली जाऊन टेकले, तेव्हा काशिनाथ माझ्याजवळ आला.

"तुमी लोणावळ्याच्या मास्तरीनबाई ना? त्या दिवशी साहेब तुमच्याच घरी जेवले?"

"हो."

"येक विचारू? आमच्या दादूसनं खरंच घातलं मीठ?"

झाडाखालून मास्तर बघत होते. मान अगदी थोडी हलवली त्यांनी. सांगू नका म्हणून.

"हो," मी म्हटलं.

काशिनाथ रस्त्याकडे बघत राहिला. "माना इतकी वर्सं वाटत होतं," तो म्हणाला, "दुसऱ्या कुनी घातलं असंल. तसं असतं तर बोललो असतो त्याच्याशी."

एसटी आली होती. लोक चढत होते, मागची बाई मला ढकलत होती. मी चढले. खिडकीतून बघितलं तर दोघे बांधावरून परत निघाले होते, पुढे काशिनाथ आणि दहा पावलांवर मास्तर. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि कंडक्टरनं घंटी मारली. मास्तरांना मी पुन्हा पाहिलं नाही.

घरी आल्या आल्या, हातपायसुद्धा न धुता, मी पत्र लिहायला बसले. काशिनाथच्या नावानं. सगळं लिहिलं. सटात हात कसा गेला, कोण ओरडलं, भाजी कुठे पुरली, रस्त्यावर मी खोटं का बोलले. काहीच सोडलं नाही. पाकीट बंद करून सकाळी पेटीत टाकलं आणि कितीतरी वर्षांनी पोटभर जेवले.

दहा-बारा दिवसांनी उत्तराचं कार्ड आलं. अक्षर बघितलं आणि मी पायरीवर बसले. काशिनाथला वाचता-लिहिता येत नव्हतं. गावात आलेली पत्रं वाचून दाखवायचे ते मास्तरच.

'आपले पत्र पोहोचले. काशिनाथास वाचून दाखविले. आपण सुखरूप घरी पोहोचलात हे ऐकून त्यास बरे वाटले.'

एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नव्हतं.